थर्मासमधला बहावा

शिफाचे अब्बा,

शिफाला पहाटंच दवाखान्यात न्हेलंय. जावयाचा फोन आला तवा तुमी वखारीत लाकूड बघाय गेलेला, आन् तुमचा फोन हितं खुंटीला. म्हणून ही चिठ्ठी. मी सांगलीला निघाले.

बाळंतिणीला गरम पाणी न्यावं म्हणून थर्मास उघडला, तर आत बहाव्याच्या बिया! आवं, घरात एवढी पातेली असून बिया भिजवायला तुमाला ह्योच गावला व्हय? बिया वाटीत काढल्यात. फुगल्यात तेवढ्या लावा. कडक ऱ्हायल्यात त्या परत पॉलिश पेपरवर घासा, न्हाईतर पाणी प्यायच्या न्हाईत.

आन् शिफासाठी तुमी केलेल्या पलंगावरनं त्या रोपांच्या पिशव्या पयल्या उचला. पलंग शिफा-जावयाच्या खोलीत बसंना म्हणून परत आला, पोरीनं काय लाथाडला न्हाई. त्याला वर्ष झालं. दिसभर बियांची उठाठेव करता, पोरीशी एक शब्द बोलवत न्हाई. बिया घासून झाल्या की त्योच कागद जरा सोताला बी लावा.

भाकरी टोपलीत हायत. थर्मास मुद्दाम ठेवलाय. चांगला धुवून तुमीच घेऊन या.

काल फोनवर शिफानं तुमी येणार का, असं इचारलंच न्हाई. "अब्बांचा बहावा उगवला का?" एवढंच म्हणाली. ते तुमी येऊन सांगा.

शिफाची अम्मी