अप्पांच्या पायाखालचा ब्रेक

अप्पा, येत्या शुक्रवारी मी रजिस्टर लग्न करतेय. तुमची लेक, त्रेपन्न वर्षांची. तुम्ही गेलात, पुढे तुमचे जावईही गेले, त्यालाही बरीच वर्षं झाली. माझा मुलगा घुश्शात आहे. "आई, त्या माणसाने तुला भरीला घातलंय," म्हणतो. असा संताप आला म्हणून सांगू! बाईने या वयात काही ठरवलं की मागे कुणीतरी असणारच, हे यांना आधीच ठाऊक. पण कुकर लावताना मनात आलंच, हे खरंच मी ठरवलंय ना?

तेव्हा तुम्ही शिकवायचात त्या कल्याणच्या ड्रायव्हिंग स्कूलची गाडी आठवली, शिकवणाऱ्याच्या पायाखालीही ब्रेक असलेली. मालकाला विचारून तुम्ही ती रविवारी माझ्यासाठी काढायचात. विठ्ठलवाडी स्टेशनजवळ रिक्षा आडवी येते, गाडी जागच्या जागी थांबते आणि मी फुशारते, "बघितलंत, कशी थांबवली!" तुम्ही खेकसता, "तू? पाय कुठाय तुझा बघ. ब्रेक मी मारला!" गाडी थांबली होती, मला ती थांबायलाही हवी होती, तरी थांबवली मी नव्हती. पुढच्या रविवारी तुम्ही चपला काढून सीटवर चक्क मांडी घातलीत. "आता धडकलीस तर तू, थांबलीस तर तू. चल गं." आंबिवलीपर्यंत मीच नेली. इतकं मोठं मला कुणी काही दिलं नाही, अप्पा.

म्हणून या वेळीही पाय कुणाचा होता ते नीट पाहिलं. त्या गृहस्थांचं बोलणं गोड आहे, माझ्या आजारपणात त्यांनी डबे आणले, त्याने मी विरघळले, कबूल. माणूस काय हवेत ठरवतो? पण लग्नाचं त्यांनी काढलंच नव्हतं. मी काढलं, वर्तकनगरच्या भाजीवाल्यासमोर, हातात मेथीची जुडी घेऊन. ते गडबडले. म्हणाले, "अहो, आधी मुलाला विचारा ना."

"सांगेन," म्हटलं. "विचारणार नाही."

मुलगा येईल, नाही येईल. यावा असं फार वाटतं. पण तारीख बदलणार नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, तर खरं सांगते. मुलाला विचारणार नाही म्हणणारी मी, तुमची परवानगी मागायला बसले होते. लिहिता लिहिता कळलं, तुम्ही नाही म्हणाला असतात तर तुमच्याशी भांडले असते, रडले असते, आणि शुक्रवारी गेले असते.