तिकडून मागवलेला साबण

॥ श्री बालाजी प्रसन्न ॥

देऊळगाव राजा
दि. १२ जानेवारी २०२५

चि. प्रतीक्षास,

अनेक आशीर्वाद. बालाजीच्या कृपेने आम्ही दोघं बरे आहोत. तुझ्या बाबांचा खोकला कमी झालाय. तुझी तब्येत कशी आहे? थंडीत डोक्याला बांधत जा, लाजू नको. तिकडे तुला कोण ओळखतंय?

सोबत पार्सलात शेवया, कुरड्या, काळं तिखट आणि मेथीचे लाडू आहेत. काल पोस्टात वजन जास्त भरलं म्हणून खिडकीसमोरच पार्सल उसवून थोड्या कुरड्या परत काढल्या, आता हे पत्र घालून उद्या पुन्हा नेते. तिखट काढलं नाही. पोस्टातला पोरगा म्हणाला, "मावशी, जपानमध्ये तिखट नाही भेटत का?" मी म्हटलं, "भेटत असंल, पण आपल्यासारखं भेटतं का?"

तू मागे सांगितलेल्या गमती आठवून मी अजून एकटीच हसते. ते तुमचे मोरिता सर शिकवताना म्हातारा पेशंट होऊन पलंगावर पडले, ताप आल्याचं सोंग घेतलं, आणि तू सवयीनं मुठीत मीठ घेऊन त्यांची दृष्ट काढलीस. त्यांना वाटलं हा भारतातला व्यायाम आहे. तुझ्या मुठीबरोबर तेही हात गोल फिरवायला लागले, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गाला करायला लावलं! आणि तो साखरखेर्ड्याचा गोविंदा, ज्याला पेशंट केलं की खरंच झोपून घोरतो. त्याला उठवायला ती व्हिएतनामची पोरगी कानाशी गाणं म्हणते. मी भाजी निवडताना हसते तर तुझे बाबा विचारतात, "काय झालं वं?" मी काही नाही म्हणते.

खरं म्हणजे या गमती मी कोणालाच सांगितल्या नाहीत. भजनी मंडळात बाया विचारतात, पोरगी तिकडे काय करते? मी म्हणते, नोकरीचं ट्रेनिंग चालू आहे. कशाचं, ते सांगत नाही. टाळ हातात घेते आणि अभंग सुरू करते.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. फोनवर सांगणार होते, पण फोनवर मी वांग्याच्या भावावर जाते.

दिवाळीनंतर धामणगाव बढ्याहून हर्षलचे आईवडील, हिंमतराव आणि रुक्मिणीबाई, आपल्याकडे आले होते. हर्षलचं स्थळ तुला पसंत होतं, तू त्याच्याशी दोनदा बोललीही होतीस, म्हणून मी फार जपून होते. पोहे झाले, चहा झाला, आणि तुझा फोन आला. हिंमतराव म्हणाले, "पोरीचा हाय का? करा ना मोठ्यानं, आम्ही बी ऐकतो." बाबांनी मोठ्यानं केला. तुला काय माहीत घरात कोण बसलंय? तू हसत हसतच म्हणालीस, "आई, ऐक ना, आज मोरिता सरांना मी अंघोळ घातली..."

प्रतीक्षा, त्या दिवशी फोन कटला नव्हता. मी कापला.

रुक्मिणीबाई म्हणाल्या, "कोनाले अंघोळ घातली म्हने?" माझ्या तोंडातून निघालं, "अंघोळीच्या साबणाची कंपनी आहे. तिथं कॉम्प्युटरवर असते ती." तुझे बाबा माझ्याकडे बघतच राहिले. रुक्मिणीबाई खूश झाल्या. "मंग धाडा म्हना दोन वड्या आमच्यासाठी. आमच्या गल्लीत कोनाकडे जपानचा साबन नसंल."

तू नंतर सांगितलंस की ती तुमची परीक्षा होती. सर अर्धी चड्डी घालून खुर्चीवर बसले होते, पाणी डोळ्यात जाऊ दिलं नाहीस म्हणून सगळ्यांत पहिली आलीस, आणि ते मला सांगायलाच फोन केला होतास. मी म्हटलं, "नेटवर्क गेलं होतं गं." आणि वरून त्याच फोनवर म्हटलं, जमलं तर तिकडचा साबण पाठव.

डिसेंबरात साबण आला. गुलाबी कागदातल्या दोन वड्या, आणि तुझी चिठ्ठी. "आई, तू माझ्याकडे पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागितलंस. हा हाताला लाव. भांडी घासून भेगा पडतात ना तुझ्या. जपून ठेवू नको, वापर."

चिठ्ठी मी देवघरात ठेवली. साबण धामणगावला पाठवला.

तेव्हापासून देवासमोर बसवत नव्हतं. रोज सकाळी बालाजीच्या मूर्तीला मी न्हाऊ घालते, पुसते, कपडे नेसवते. हात तिथेच थांबायचे. तुझ्या आजीचं अंथरुणावरचं सगळं आपण दोघींनी केलं, तू तर शाळेतून आल्यावर करायचीस, तेव्हा लाज वाटली नाही. पगार घेऊन परक्याचं केलं की लाज कुठून येते, ते मला सांगता येत नाही. पण मला वाटली, हे खरं आहे.

परवा एकादशीला भजन सोडून एसटीनं धामणगावला गेले. बाबांनाही सांगितलं नाही. रुक्मिणीबाईंना समोर बसवून सांगितलं की साबणाची कंपनी नाही. माझी मुलगी म्हाताऱ्या माणसांना न्हाऊ घालते, जेवू घालते, त्यांचं शी-शू काढते.

मला वाटलं होतं उठवून लावतील. त्या हसल्या. "काऊन लपवलं मंग? हे तं लई चांगलं झालं! आमच्या बाईजी दोन सालापासून खाटेवर हायेत. मले कंबरेनं होत नाही. पोरीले म्हना, तिकडचं सोड अन् ये. इथं घरचंच मानूस हाय करायले."

बाईजी म्हणजे त्यांच्या सासू, आतल्या खोलीत होत्या. मी जाऊन बघितलं. केसांच्या जटा झाल्या होत्या. तुझा साबण बाहेर शोकेसमध्ये, गुलाबी कागदासकट.

मला आधी वाटलं, चला, जमलं. लपवायचं काही उरलं नाही. होकार माझ्या ओठावर आला होता. हे तुला कळायला हवं म्हणून लिहिते. मग त्या म्हाताऱ्या बाईनं माझा हात धरला, आणि तू सगळ्यांत पहिली आलेली मला दिसलीस.

बाहेर येऊन मी दोघांनाही म्हटलं, "ती नोकरी सोडणार नाही. मी तिला सोड म्हणणार नाही."

हिंमतराव म्हणाले, "मंग कायले आल्या इतक्या दूर?"

"खोटं बोलले होते, म्हणून आले."

"मंग आमचं बी जमत नाही ताई," म्हणाले.

हर्षल सगळा वेळ दारात उभा होता. स्टँडपर्यंत सोडायला आला, गाडीत माझ्यासाठी जागा धरली. मग म्हणाला, "मावशी, मले तिच्याशी बोलायचं हाय. तुमी नाही म्हनाल तं नाही बोलनार." मी हो किंवा नाही म्हटलं नाही. आधीच तुझ्यासाठी मी फार बोलले होते. बोलायचं की नाही ते तू ठरव. स्थळ मोडलं असेल तर ते माझ्या खोटेपणानं की खरेपणानं, हेही तूच ठरव. मला रागाव. फोनवर "बरी आहे" म्हणून ठेवू नको, पोटभर रागाव.

काल भजनाला गेले. कोणी विचारलं नव्हतं, तरी टाळ खाली ठेवून सांगितलं, माझी लेक काय काम करते ते. शेजारच्या वच्छलाबाईंनी आपलं बसकर थोडं बाजूला घेतलं. घेऊ दे.

कागद संपत आला. दुसरा घेत नाही, पार्सल पुन्हा जड होईल.

इथे खाली नेहमी काय लिहायचं ते मला माहीत आहे. पण त्या दिवशी तू ज्या नावानं हाक मारलीस, ते नाव ऐकूनही मी फोन कापला. ते नाव तू परत देशील तेव्हा लिहीन. तोवर,

गिरजा