खातं सोबत येतं

प्रिय बाबा,

परवा फोनवर तुम्ही पुन्हा विचारलंत, "निवृत्त झालीस की महिन्याला किती मिळेल?" आणि मी पुन्हा "बघून सांगते" म्हणाले. आईकडे फोन देताना "हिला अजून ठाऊकच नाही" असं तुम्ही पुटपुटलात, ते मला ऐकू आलं. ठाऊक नाही हे खरं. पण ते कुणालाच ठाऊक नसतं, आणि का नसतं हे मला मागच्याच आठवड्यात कळलं. फोनवर सांगायला गेले तर तुम्ही मध्येच काहीतरी विचाराल आणि मी गडबडेन, म्हणून लिहायला बसले. हे अर्धंच कारण आहे.

हिशेब शाखेतली एक तरुण मुलगी आमच्या पाणीपुरवठा विभागात निवृत्तीची योजना समजवायला आली होती. पंख्याच्या वाऱ्याने पडदा हलत होता, त्यावरची चित्रंही हलत होती. तिने तोंड उघडलं न उघडलं तोच मागच्या रांगेतून आमचे पंपवाले मामा म्हणाले, "बाई, चित्रं मागाहून दाखवा. शेवटी हातात किती पडणार तेवढं सांगा, म्हणजे आम्ही चहाला मोकळे." सगळे हसले. तीही हसली आणि म्हणाली, "ते मला सांगता येत नाही, मामा. आणि कुणी छातीठोकपणे सांगायला लागलं, तर त्याच्यापासून चार हात लांब राहा."

तुमच्या वेळी शेवटी काय मिळणार ते ठरलेलं होतं. इतकी नोकरी, इतका पगार, म्हणून इतकं पेन्शन, तेही मरेपर्यंत. ते आणायचं कुठून ही काळजी सरकारची. आमच्याकडे ठरलेलं असतं ते फक्त आत काय जायचं. पगारातला एक भाग मी घालते, एक भाग विभाग घालतो, दोन्ही माझ्या नावाच्या खात्यात जातात आणि तिथून बाजारात गुंतवले जातात. बाजार चढला तर खातं फुगतं, पडला तर आकसतं, आणि शेवटी जे साठलं असेल त्यात पुढचं आयुष्य भागवायचं. कुठे गुंतवायचं हे निवडायची मुभा आम्हाला असते. मी ती कधी वापरलीच नाही. रुजू होताना आपोआप जे लागू झालं, तेच अजून चालू आहे. पाण्याचा नमुना शंका आली की पुन्हा तपासणारी मी, स्वतःच्या म्हातारपणाकडे डोकावूनसुद्धा पाहिलं नव्हतं. असं का, याचा बराच विचार केला. आळस होताच. पण माझ्या डोक्यात पेन्शन म्हणजे तुमचं पेन्शन होतं. त्याला हात लावायचा नसतो, त्याच्यासाठी नुसतं थांबायचं असतं.

आम्ही शाळेत असताना सुतारकाका दर सुट्टीला येऊन तुम्हाला गळ घालायचे. "सोड रे ती कचेरी. नकाशे कसले काढतोस, खुर्च्या-टेबलं काढ. मी घडवतो." आई चहा गाळता गाळता कान इकडे लावून असायची. तुमचं उत्तर ठरलेलं, "मध्येच सोडलं तर पेन्शन बुडेल." आणि ते खरोखरच बुडलं असतं. तुमचा तो साहेब चारचौघांत तुम्हाला नको ते बोलायचा आणि तुम्ही घरी येऊन, हातपाय धुऊन, आमचा अभ्यास घ्यायचात. त्या थांबण्यावरच माझं कॉलेज झालं.

कॉलेजातली लांबडी आठवते ना, जिला तुम्ही खांब म्हणायचात? तिने विहिरींचं पाणी तपासायची स्वतःची प्रयोगशाळा काढली आहे. ती मला केव्हापासून बोलावतेय आणि मी तिला तुमच्याच शब्दांत नकार देत आले. म्हणून त्या सभेत हात वर करून विचारलं, "मध्येच नोकरी सोडली तर?" मुलगी सहज म्हणाली, "खातं तुमच्यासोबत येतं. पुढचा विभागाचा वाटा थांबेल, एवढंच." विभागाने घातलेला भाग आपला व्हायला काही वर्षं नोकरी व्हावी लागते, माझी ती केव्हाच भरली आहेत. मागून मामा म्हणाले, "मॅडम, निघालात कुठे?" मी हसण्यावारी नेलं.

बाबा, मला कुणी अडवलेलंच नव्हतं. तुमच्या योजनेतला नियम मी माझ्या योजनेत पाळत बसले होते. कळल्यावर मोकळं वाटलं असं लिहिणार होते, पण ते पूर्ण खरं नाही. आधी भीती वाटली. आता कारण उरलं नाही, म्हणजे जायचं की नाही हे माझं मलाच ठरवायला हवं. लांबडीचं काम चाललं नाही तर खात्यात पडणारं आटेल, आणि म्हातारपणी मला तुमच्याइतकं निर्धास्त झोपता येणार नाही. हे सगळं स्वतःला पुन्हा पुन्हा बजावून पाहिलं. तरी जावंसं वाटतंच. यातून तुम्ही थांबलात ते चुकलं असा अर्थ मात्र कृपा करून काढू नका. तुमच्या नियमांत मीही थांबले असते.

आज सकाळी मी राजीनामा दिला. नवऱ्याला आधीच सांगितलं होतं. तो म्हणाला, "माझं सोड, तुझ्या बाबांना कोण सांगणार ते ठरव." आमच्या मोठ्या साहेबांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "तुझे वडीलही सरकारी नोकरीतलेच ना? त्यांना विचारलंस?" मी "हो" म्हणाले. इतक्या चटकन खोटं आजवर कधी बोलले नसेन. महिनाअखेरपर्यंत राजीनामा मागे घेता येतो. तुम्ही नको म्हणालात तर घेईनच असं नाही, हे आधीच सांगते, नाहीतर हे विचारणंही खोटंच ठरेल. पण तुम्हाला न विचारता निघायचं माझ्याच्याने होत नाही. म्हणून विचारते, बाबा, जाऊ का?

तुमचीच,
थोरली