उष्टी हळद आणि तिसरं पिल्लू

ती. भामाआत्यास,
तुझ्या भाचीचा, मनिषाचा नमस्कार.

आईबापांशिवाय वाढलेलं क्रौंचाचं पिल्लू पहिल्या वसंतात उत्तरेला निघतं, तेव्हा त्याला वाट कोण सांगतं? मला माहीत नाही. पदवी घेतल्यापासून घरात सगळ्याची उत्तरं मीच देते (गीझर, बाबांची साखर, निकेशदादाचा पासपोर्ट), पण इथे अडले.

गुडघा कसा आहे? काल दादाच्या हळदीला तू नव्हतीस, म्हणून तिकडे उरणला तुझ्यापर्यंत पोचलेल्या बातमीत खरं किती ते सांगते. आमच्या संस्थेने हाताने वाढवलेली तीन पिल्लं कच्छमध्ये सोडली आहेत. जात संपत आलेली, म्हणून पाठीवर यंत्र. मला नकाशावर ठिपके दिसतात. दोन राजस्थानात शिरली. तिसरं (नाव ठेवायला आम्हाला मनाई आहे, आई त्याला 'बाय' म्हणते) सकाळपासून एका तळ्याकाठी जागचं हलेना. मी करवली, हात हळदीने भरलेले, मोबाईल बंद पडलेला. म्हणून डीजेवाल्या भावेशच्या लॅपटॉपवर नकाशा उघडला. तो लॅपटॉप मांडवातल्या मोठ्या एलईडी पडद्याला जोडलेला होता. दादाच्या फोटोच्या जागी घराएवढा ठिपका आला.

नेमकी तेव्हाच दादाची उष्टी हळद घेऊन गाडी नवरीकडे, उरणला, निघालेली. रामूकाका वर बघून म्हणाले, "गाडी बंद परली. हलत नाय." (गावांची नावं गुजरातमधली होती, पण ती वाचतो कोण?) चार बाइका उरणच्या रस्त्याला, पळस्प्याकडे सुटल्या. फोन गेल्यावर तिकडून नवरीचे मामा दोर घेऊन निघाले. गाडी वेळेवर उरणला पोचली, तेव्हा हळद उतरवून घ्यायला दारात एकही माणूस नव्हता.

मी खरं सांगितलं. आई म्हणाली, "पाखरासाठी आमची अब्रू घालवलीस." मागून एक म्हातारी म्हणाली, "ते ऱ्हाऊ दे. बाय जिती हाय का नाय?" तेच कुणी तरी जाऊन बघायला हवं, आणि संस्थेची बाकी माणसं राजस्थानात. बाबा म्हणाले, "लग्नाला करवली नाय? आनि एकटी जाशील कशी, वलखीचं कोन नाय, रस्ता म्हाईत नाय." यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण ते पाखराचं असल्यामुळे चाललं नसतं.

तुझ्या स्नेहलला आशीर्वाद.
तुझी मनिषा

ता.क. आज संध्याकाळी लग्नात माझ्या जागी स्नेहलला करवली म्हणून उभी कर. साडी आईच्या कपाटात आहे. ब्लाउज ढिला होईल, पिना लाव.

ता.क. बाबांना तूच सांग. मोठ्या बहिणीवर ते ओरडत नाहीत. आधी जेवू दे.

ता.क. टपालाने उशीर होईल, म्हणून पत्राचा फोटो पाठवते आहे. वलसाडला माझी कच्छची गाडी थांबली तेव्हा ठिपका हलला, उत्तरेकडे. समोरच्या फलाटावर पनवेलला जाणारी गाडी उभी होती. मी उतरले नाही.