चार बोटं पुढे आलेला कडा

तीर्थरूप बाबांना लेकीचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? मी मजेत आहे. पळताना हाताला जरासं खरचटलं, म्हणून अक्षर वाकडं आलंय. आईला सांगू नका.

बाबा, तुम्ही ओळंबा सोडून भिंत कुठे फुगलीय ते सांगायचात. इथे खाणीत मी तेच लेसरच्या यंत्राने करते. ते कड्यावर प्रकाश सोडतं, तो परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतं आणि पडद्यावर अख्खा कडा खाचाखोचांसकट उभा करतं.

मंगळवारी सकाळी कडा आदल्या दिवसापेक्षा चार बोटं पुढे आलेला दिसला. मी काम थांबवायला सांगितलं. मुकादम म्हणाले, "मला तर काही दिसत नाही."

"मलाही दिसत नाही," मी म्हटलं, "पण यंत्राला दिसतंय. माणसं बाहेर काढा."

कुरकुरत का होईना, त्यांनी चाळीसही जणांना बाहेर काढलं. दुपारी तो कडा खाली आला; यंत्र उचलून पळताना माझा हात खरचटला तो तेव्हाच. धूळ बसल्यावर मुकादमांनी तीनदा डोकी मोजली. तिन्ही वेळा चाळीस भरली.

आज सकाळी सगळे फाटकाशी थांबले होते. मुकादमांनी मला विचारलं, "बाई, काम सुरू करायचं का?"

उरलेला कडा अजून सरकताना यंत्रात दिसत होता, म्हणून मी नाही म्हटलं. मुकादमांनी स्वतः फाटक लावून घेतलं.

तुमची थोरली