कप्तानाचा दुसरा डोळा

३ मार्च
ठरलं. ‘एकाक्ष कप्तान’चा तेरावा भाग, म्हणजे कप्तानाचं बालपण, मी वाचणार नाही. मुखपृष्ठावर पोरगा दोन्ही डोळ्यांनी टुकुटुकु बघतोय. दोन डोळ्यांचा कप्तान! मग आम्ही बारा भाग कोणाचे वाचले? ग्रंथालयात सगळ्यांसमोर जाहीर केलं. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, बरं, आधी त्या शब्दकोशाची पाठ चिकटवा. बावीस वर्षं इथे बाइंडर आहे, पण किंमत नाही.

४ मार्च
डोळा कसा गेला ते लेखकाने कधीच सांगितलं नाही. मला ठाऊक आहे. शार्क. कन्या सात वर्षांची असताना म्हणाली होती, रांजणवाडी आली असेल म्हणून पट्टी बांधली. तासभर समजावलं. शेवटी रडली. आता कॉलेजात आहे, तरी विषय निघाला की रांजणवाडीच.

९ मार्च
नवं पुस्तक पहिल्याच वाचकाच्या हातात उसवलं. आलं माझ्याकडे. एकच प्रत, रांगेत एक्केचाळीस जण, कन्या सातवी. उघडलं नाही. वर फडकं टाकलं.

१० मार्च
सोळा-सोळा पानांचे फर्मे क्रमाने लावायचे तर आकडे बघावे लागतात. आकडे बघताना अक्षरं दिसतात. याला वाचन म्हणत नाहीत.

११ मार्च
चार फर्मे तपासले. अत्यंत सुमार. पाचवा उद्या तपासणार होतो. जेवणाच्या सुट्टीत तपासला.

१३ मार्च
बाईंनी विचारलं, झालं का? म्हटलं, खळ ओली आहे.
सहाव्या फर्म्यात त्याचं कुत्रं मेलं. खळीचा हात डोळ्याला लागला, म्हणून पाणी आलं.

१६ मार्च
बाई म्हणाल्या, चार दिवस कसली खळ ओली राहते? म्हटलं, हवा दमट आहे.
शेवटचा फर्मा राहिला. शार्क त्यातच असणार. पोराने अजून समुद्रात पायसुद्धा घातलेला नाही, पण लेखकाला घाई जमते. उजवा डोळा खाजतोय. उत्सुकता.

१७ मार्च, दुपार
रांजणवाडी.
अकराव्या वर्षी आली. आईने पट्टी बांधली. धक्क्यावरचे लोक घाबरून वाट सोडायला लागले. बरी झाली, तरी पठ्ठ्याने पट्टी काढलीच नाही. बारा भाग डोळा शाबूत!
फर्मे कधी कधी गहाळ होतात. कुणाचा दोष नसतो.

१७ मार्च, संध्याकाळ
फर्मा पिशवीतून घरी आणला. कन्या विचारत होती, पुस्तक कधी मिळणार. म्हणाली, इतकी वर्षं वाट बघतेय, शार्क निघाला तर तुमची माफी मागेन, अगदी कान धरून. माझं जेवणात लक्ष लागेना.

१८ मार्च
फर्मा शिवला. पुस्तक बाईंना दिलं. सांगितलं, मी वाचलेलं नाही, पण शेवटची सोळा पानं जपा, फार सुंदर आहेत.

१९ मार्च
डोळा टम्म. कन्येने पट्टी बांधली. बांधताना विचारलं, हे काय झालंय? म्हटलं, खळीची ॲलर्जी.

२३ मार्च
पट्टी बघून लोक दारातून बाजूला होतात. बाईंनी स्वतः खुर्ची पुढे केली. शब्दकोशाचं नावही नाही. डोळा परवाच बरा झाला. म्हटलं, दोन दिवस असू दे.

२५ एप्रिल
कन्येचं पुस्तक वाचून झालं. मी ताटावर मान खाली घालून बसलो होतो. तिने माझी पट्टी उचलून बघितली. डोळा ठणठणीत. पट्टी जरा सैल झाली होती, ती नीट बांधून दिली.