तीच आग, तिसऱ्यांदा

सरकारी वकीलसाहेब यांस,

हे पत्र पाठवणार नाही. आमचा वकील म्हणतो, "पाठवलंत तर तुम्हीही आत जाल, आणि एका घरातले दोन अशील मला झेपणार नाहीत."

गोदामाला आग लावल्याच्या आरोपातून माझा धाकटा भाऊ दोनदा निर्दोष सुटला. दोन्ही वेळा तुम्ही वरच्या कोर्टात गेलात, आणि आता तिसऱ्यांदा सगळं पहिल्यापासून. कोर्टाचा शिपाई मला म्हणतो, "या शेठ, तुमची जागा राखलीय." मीही हसतो. स्वतःचं गॅरेज उभं करताना टोमणे हसून घ्यायला शिकलोय.

पण माझे कान तिखट आहेत. पहिल्या खटल्यात तुमचा साक्षीदार, गोदामाचा पहारेकरी, अडखळत म्हणाला होता, "धुरात कोणीतरी होतं." दुसऱ्यात म्हणाला, "यांच्यासारखं कोणीतरी." काल ठणकावून म्हणाला, "हेच होते." त्याचा सराव झालाय. भाऊ मात्र पहिल्यांदा घडाघडा बोलला होता, तो आता स्वतःचं नाव सांगताना चाचरतो.

आज सकाळी दाढी करता करता त्याने विचारलं, "दादा, 'केलं' म्हणून टाकलं तर पुन्हा बोलावणार नाहीत ना?"

आजवर एकाही गिऱ्हाइकाला मी उत्तराशिवाय परत पाठवलेलं नाही. त्याला म्हटलं, "आधी तोंड धू."

आणि टॉवेल पुढे केला, साहेब.

आपला,
आरोपीचा थोरला भाऊ